मेजाआधीची भेट

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत वहिनींची एक गोष्ट सांगतात. पंच घरी आले, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि कुणाला काहीही ठाऊक नसताना वहिनींनी स्वतःहून आपली चूक कबूल केली. त्या रविवारी त्या प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला उठल्या नाहीत, जागेवरच बसून राहिल्या. वहिनी गेल्या, तेव्हा त्यांच्या स्मरणाच्या उपासनेत आमच्या तरुण पाळकांनी हीच गोष्ट सांगितली. "अशी माणसं आता कुठं मिळतात?" ते म्हणाले. बंद पडलेली घरभेट पुन्हा सुरू करावी, असंही त्यांनी सुचवलं. उपासना संपल्यावर हॉलमध्ये चहा आणि समोसे होते. दोघं-तिघं माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पंच, तुम्ही तर तिथं होतात!" मी मान हलवली आणि हातातला समोसा खाल्ला.

मी तिथं होतो, म्हणूनच हे लिहितो आहे. जी गोष्ट सांगतात ती खरी नाही.

घरभेटीची रीत आम्ही नगरकडून आणली. तिकडे आमच्या गावात प्रभुभोजनाच्या, आमच्या बोलीत मेजाच्या, आदल्या दिवशी मंडळीचा पंच घरोघर जायचा. ओसरीवर बसायचा, पाणी प्यायचा आणि विचारायचा, "घरात सगळं नीट आहे ना? कुणाशी वाकडं नाही ना? मनात काही लपलेलं नाही ना?" भावाभावांचे तंटे त्या भेटीत मिटलेले मी लहानपणी पाहिले आहेत. इकडे लंडनमध्ये हाउन्सलोला एका इंग्रजी चर्चचा हॉल भाड्यानं घेऊन आम्ही मराठी उपासना सुरू केली, तेव्हा ही रीतही सुरू केली. ते काम माझ्याकडे आलं. मी विमानतळावरच्या मालाच्या शेडमधून निवृत्त झालो होतो, वेळ होता, आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं. कोट घालून, बसचा पास खिशात टाकून मी शनिवारी निघायचो. घराघरात चहा, चिवडा, "या पंच, सलाम." प्रश्न मी विचारायचो, पण तो हळूहळू असा झाला होता की त्यात उत्तर आधीच घातलेलं असायचं. "सगळं बरं आहे ना?" "हो, प्रभूची कृपा." की पुढचं घर.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्र आणि मी एकाच मिशन शाळेतले, एकाच वर्षी इकडे आलो. तो बसच्या डेपोत सुपरवायझर झाला, मी शेडमध्ये पेट्या मोजत राहिलो. त्याचं घर माझ्यापेक्षा मोठं, आवाज माझ्यापेक्षा गोड. भजन तो सुरू करायचा, आम्ही मागून म्हणायचो. त्यांना एकच मुलगी. ती इथंच जन्मली, शिकली, अकाउंटंट झाली आणि क्रॉयडनला एका इंग्रज मुलाबरोबर राहू लागली. लग्न केलं नाही.

मित्रानं मंडळीत उभं राहून सांगितलं की ही मुलगी आता आपल्या घरची नाही. कुणी त्याला असं सांग म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे मान खाली घालून ऐकत होतो, आणि त्याच्या धैर्याचं आम्हाला कौतुक वाटलं, हेही सांगायला हवं. त्यानंतर एका रविवारी मुलगी उपासनेला आली. पंच या नात्यानं तिला सांगायचं काम माझं. दारापाशी कोट टांगायच्या जागी मी तिला गाठलं आणि म्हणालो, "बेटा, तू मेजाला आली नाहीस तर बरं होईल." काढलेला कोट तिनं पुन्हा अंगात घातला आणि ती गेली. मला वाटलं, कठीण काम होतं, पण नीट पार पडलं.

पुढं तिला मूल झालं. मित्राच्या घरी त्याविषयी बोलायला बंदी होती.

माझ्या पुतण्याच्या व्हिसाचं काहीतरी अडलं होतं, म्हणून एकदा मी त्याच्याबरोबर क्रॉयडनच्या ऑफिसात गेलो. आत रांग मोठी होती. त्याला तिथं बसवून मी जरा पाय मोकळे करायला बाहेर आलो. ट्रामच्या थांब्यावर बाकावर वहिनी बसल्या होत्या. समोर बाबागाडी. मांडीवर लहानसा डबा, आणि त्या बोटानं कुस्करलेला वरणभात एका पिंगट केसांच्या पोराला भरवत होत्या. "हा चिऊचा, हा काऊचा" चाललं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. त्यांच्या घरी मित्राचाच आवाज असायचा.

मला बघताच त्या उठून बाबागाडीच्या पुढे उभ्या राहिल्या. जणू गाडी त्यांच्या पदराआड मावणार होती.

"भाऊजी, तुम्ही इकडं कसे?"

"पुतण्याचं काम होतं. तुम्ही?"

"गुडघ्याच्या फिजिओला आलेय," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आलं. गाडीतलं पोर मागून ओरडत होतं. त्या बाजूला झाल्या. "बघा तरी याला. यांच्यासारखंच कपाळ आहे की नाही?"

खरंच तसंच होतं. पोरानं माझा टाय धरला आणि वरणभाताचा हात त्याला पुसला. वहिनी आपल्या रुमालानं टाय पुसत म्हणाल्या, "दर गुरुवारी येते. घरी फिजिओ सांगितलंय. यांना सांगू नका हं, भाऊजी. मला एवढंच आहे."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

तो शब्द मी पाळला, पण एखाद्या वकिलानं पाळावा तसा.

पुढच्या मेजाआधीच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. मित्र सोफ्यावर पसरून बसला होता. मी प्रश्न विचारला. तो हसला. "पंच, तुला इतक्या वर्षांत आमच्याकडं काही सापडलंय का? लपवाछपवी आमच्या घरात नसते. दुसऱ्या घरांत जाऊन विचार."

दुसरी घरं म्हणजे माझंही घर. माझा मुलगा तेव्हा चर्चला यायचा बंद झाला होता आणि मित्राला ते माहीत होतं. मला ते लागलं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आत येत होत्या. इतक्या वर्षांत मी बायकांना वेगळं कधी विचारलं नव्हतं. घरधन्यानं उत्तर दिलं की घराचं उत्तर झालं. त्या दिवशी मात्र मी वळलो आणि म्हणालो, "वहिनी, तुमच्या मनात काही लपलेलं नाही ना? उद्या मेज आहे. विचार करून सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. एखाद्या लहान मुलानं आपल्याला ढकललं, तर आपण कसे आश्चर्यानं त्याच्याकडे बघतो, तसं त्यांनी पाहिलं. ट्रे हातातच होता. थोडा चहा गालिच्यावर सांडला.

"आहे," त्या म्हणाल्या, आणि ट्रे हातात धरूनच सगळं सांगितलं. क्रॉयडन, गुरुवार, नातू. मी तिथं भेटलो होतो, एवढंच सांगितलं नाही. मला झाकलं.

मित्र उठला आणि मागच्या बागेत निघून गेला. मी चहा न घेता बाहेर पडलो. बसथांब्यावर उभा असताना मी स्वतःला समजावत होतो की बाई नवऱ्याशी खोटं बोलून मेजाला येत होती, मी तिला एका पापातून सोडवलं. हे मी पुष्कळ दिवस समजावत राहिलो.

रविवारी वहिनी जागेवर बसून राहिल्या. मागं कुजबुज झाली. उपासनेनंतर मित्रानंच लोकांना सांगितलं, "माझ्या बायकोनं स्वतःहून कबूल केलं. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं." त्याला त्यात घराची लाज राखायची होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. गोष्ट तिथं जन्मली.

त्यानंतर मित्रानं वहिनींशी अबोला धरला. आठवडे गेले, महिने गेले, एक नाताळ गेला, दुसरा आला. आमचं जाणं-येणं चालू होतं. आम्ही गेलो की तो मला म्हणायचा, "पंच, विचार हिला, भाकरी आहेत का अजून?" वहिनी दोन हातांच्या अंतरावर उभ्या असायच्या. मी विचारायचो, "वहिनी, भाकरी आहेत का?" त्या म्हणायच्या, "आहेत म्हणावं." आणि मी मित्राला सांगायचो, "आहेत." सुरुवातीला आम्ही तिघंही थोडं हसायचो. मग कुणी हसेना. गुरुवारचं क्रॉयडन बंद झालं होतं. एकदा वहिनी माझ्या बायकोला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "घरात माणूस आहे, पण मला हाक मारणारं कुणी नाही. परवा मी स्वतःलाच नावानं हाक मारून बघितली."

माझ्या बायकोनं हे मला परतीच्या बसमध्ये सांगितलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

"नवरा-बायकोतलं आहे. आपण कोण न्याय करणारे?" मी म्हणालो. "न्याय करू नका, असंच आहे ना आपल्यात?"

"हे बरंय!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. "त्या पोरीला कोटाच्या खुंटीपाशी उभं करून न्याय केलात तेव्हा जीभ चालली. वहिनींना ट्रे हातात असताना विचारलंत तेव्हा चालली. आता मित्राची पाळी आली तर दातखीळ? बाईचा न्याय पंचांनी करायचा आणि पुरुषाचा देवावर सोडायचा, असं कुठल्या मिशन शाळेत शिकवलं?"

"तुला कुणी सांगितलं, मी त्यांना विचारलं म्हणून?"

"वहिनी कधी चहा सांडत नाहीत. त्या शनिवारनंतर गालिच्यावर चहाचा डाग दिसला, आणि त्या दिवशी तिथं तुम्हीच गेला होतात. मी इतकीपण खुळी नाही."

पुढं घर येईपर्यंत आम्ही बोललो नाही. ती माझ्याशी अबोला धरेल की काय, याची मला भीती वाटली. म्हणजे किती वाटलं असेल वहिनींना, हे मला त्या बसमध्ये पहिल्यांदा समजलं. स्वतःला चटका बसल्याशिवाय मला काही कळत नाही, हा माझा जुना दोष आहे.

माझ्या पंचपणात मी एक गोष्ट नेहमी इतरांना शिकवत आलो. भाऊ चुकला तर आधी त्याच्याकडे एकट्यानं जा. तो ऐकेल तर तुला भाऊ मिळाला. नाहीच ऐकलं, तर साक्षीदार, मग मंडळी, आणि दूर करणं अगदी शेवटी. प्रभूनं घालून दिलेली रीत ही. मुलीच्या बाबतीत आम्ही थेट शेवटची पायरी गाठली होती, आणि मित्राच्या बाबतीत पहिलीही चढलो नव्हतो.

मित्राकडे विमानतळाजवळ कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेली भाजीची एक पट्टी होती. तिथं तो मेथी, कोथिंबीर, आणि काचेच्या खोपटात मिरच्या लावायचा. मी एका सकाळी तिकडे गेलो. तो वाकून मेथी खुडत होता.

"ये पंच. आज शनिवार आहे का?"

"नाही. मी पंच म्हणून आलो नाही. पण बोलायचं पंचाचंच आहे."

"बोल की."

"तू वहिनींशी बोलत नाहीस, हे पाप आहे," मी म्हणालो, आणि नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान गेलं. तिथं दर थोड्या वेळानं विमान इतकं खालून जातं की चाकं दिसतात. मित्रानं कानाला हात लावला.

"काय?"

ते एकदा म्हणायला मला दीड वर्ष लागलं होतं. ते पुन्हा म्हणावं लागलं.

तो सरळ उभा राहिला. "माझ्या घरात नाक खुपसू नकोस."

"दर मेजाआधी येऊन खुपसतोच की. तेव्हा चहा देतोस."

"ती माझ्याशी खोटं बोलली."

"बोलली. नातवाला भात भरवायला. आणि मला ते आधीच ठाऊक होतं. क्रॉयडनला मी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी मला गळ घातली, यांना सांगू नका. मी सांगितलं नाही, पण तुझ्यासमोर त्यांना कोंडीत धरून विचारलं. तू माझ्या घरावरून बोललास, ते मला झोंबलं होतं. त्या स्वतःहून बोलल्या नाहीत. मी बोलायला लावलं."

आणखी एक विमान गेलं. ते जाईपर्यंत आम्ही दोघं म्हातारे मेथीत उभे राहून एकमेकांकडे बघत होतो.

"म्हणजे तू माझ्याच सोफ्यावर बसून..." तो म्हणाला.

"हो."

"आणि आता मला पाप शिकवायला आलास?"

"माझं आधी सांगितलं. आता तुझं सांगतोय. माझं मोठं असेल, म्हणून तुझं नाहीसं होत नाही."

मला वाटलं तो खुरपं फेकून मारील. तो खोपटाच्या पायरीवर बसला. खुरप्याची माती बोटानं काढत म्हणाला, "मी मंडळीत उभं राहून बोललोय, लेका. आता कुठल्या तोंडानं जाऊ? सुरुवात कशी करायची तेच विसरलोय. रोज सकाळी वाटतं आज बोलावं. मग ती चहा ठेवून जाते."

इतकी वर्षं मी त्याला कठोर समजत होतो. तो अडकलेला होता, आणि बाहेरून हात द्यायला कुणी आलं नव्हतं, कारण आम्ही सगळे न्याय न करण्याचा चांगुलपणा करत होतो.

"मंडळीत मी उभा राहीन," मी म्हणालो. "काय झालं ते मी सांगेन. तू फक्त घरी बोल."

"जा आता," तो म्हणाला. जाताना त्यानं मेथीची जुडी हातात दिली नाही. नेहमी द्यायचा.

त्याच आठवड्यात आमच्याकडे फोन वाजला. बायकोनं उचलला. पलीकडे वहिनी हसत होत्या की रडत होत्या, तिला कळेना. जेवताना मित्रानं पहिला घास घेतला होता, थांबला होता, आणि ताटाकडे बघत म्हणाला होता, "आमटीला मीठ कमी आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?" बायकोनं विचारलं.

"मी म्हणाले, देते. आणि आत जाऊन डबाच सापडेना मला!"

दोन-तीन गुरुवारांनी ते दोघं मिळून क्रॉयडनला गेले. मित्र ट्राममध्ये पहिल्यांदाच बसला होता. बसच्या माणसाला ती काही आवडली नाही, असं वहिनी सांगायच्या. नातवानं त्याच्या मिशा ओढल्या. त्यानंतरची त्यांची वर्षं चांगली गेली. आधी मित्र गेला, मग वहिनी. मुलीनं दोघांचंही केलं.

आता राहिलेलं सांगतो. मी मंडळीत उभा राहिलो नाही. घर सावरलं होतं, कुणी विचारत नव्हतं, मित्रानंही आठवण करून दिली नाही. उगाच जुनं कशाला उकरायचं, असं मी म्हणत राहिलो. वहिनींच्या कबुलीची गोष्ट इतकी चांगली होती की लोकांना ती हवी होती. वहिनींनी ती ऐकली की त्या खाली बघायच्या, आणि लोक त्याला नम्रपणा म्हणायचे. आता त्याच गोष्टीच्या जोरावर कुणीतरी कोट घालून घराघरात जाणार आणि ट्रे घेऊन आलेल्या बायकांना विचारणार. म्हणून समोसा खाऊन घरी आल्यावर मला चैन पडेना.

लिहिण्याआधी मी वहिनींच्या मुलीकडे क्रॉयडनला गेलो. तिला सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ऐकत होती.

"आईनं मला कधीच नाही सांगितलं," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल ती नेहमी गुडच बोलायची. भाऊजी असे, भाऊजी तसे."

मी म्हणालो, "मी तुला मेजाला येऊ नको म्हणालो, त्याची माफी मागायला आलोय. पण खोटं बोलणार नाही. लग्नाशिवाय राहणं बरोबर नाही, असं मला तेव्हा वाटत होतं आणि अजूनही वाटतं."

"आय नो, काका," ती म्हणाली. "पण हे तुम्ही मला तेव्हा सांगितलंच नाही ना. हे सांगितलं असतं तर मी भांडले असते. तुम्ही फक्त डिसिजन सांगितला, दारात, कोटाजवळ. व्हाय कुणीच नाही सांगितलं. माझ्या घरी कुणी आलंच नाही. एकदापण नाही. मला वाटायचं कुणीतरी येईल, ओरडेल, मग मी चहा करीन."

पंच म्हणून मी किती घरांत गेलो असेन! जिथं जायला हवं होतं त्या एका दारात गेलो नाही. दुसऱ्याची चूक चूक म्हणायला माझी ना नाही; मित्राच्या बाबतीत तसं म्हटलं नसतं तर वहिनी त्या मुक्या घरातच गेल्या असत्या. पण ज्याला म्हणायचं त्याच्या घरी जाऊन बसायची तयारी नसेल, तर माणसानं तोंड उघडू नये. या वयात मला एवढंच समजलं आहे.

"मी हे मंडळीत सांगू का?" मी विचारलं. "तुझ्या आईचं नाव त्यात येणार."

"सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटतं आई सेंट होती. ती नातवाला बघायला खोटं बोलायची. मला ती आई जास्त आवडते."

मग ती उठली आणि कुकर उघडून बघू लागली. "तुमचं ते लग्नाबद्दलचं चुकीचं आहे, काका. मी तुम्हाला सांगणार आहे कसं ते. पण आधी जेवा. मग भांडू."

आम्ही जेवलो आणि मग भांडलो. तिच्याबरोबर राहणारा तो, आता टक्कल पडलेला इंग्रज, मध्येच येऊन दोघांनाही चहा देऊन गेला. ती काही माझं ऐकत नव्हती आणि मी तिचं. ट्राम चुकली, मग दुसरी चुकली. शेवटी मी उठलो तेव्हा तिनं माझ्या कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली आणि म्हणाली, "पुढच्या गुरुवारी या. माझं अजून संपलं नाही."